कार्डावर एकच रेघ: तासाभराच्या दुखण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मराठवाड्यातलं एक ग्रामीण रुग्णालय. तीस खाटा, रात्रपाळीला एक डॉक्टर, दोन सिस्टर आणि एक शिपाई. अँजिओप्लास्टीची सोय असलेलं सर्वांत जवळचं शहर ७० किलोमीटरवर. मी शेजारच्या उपजिल्हा रुग्णालयात फिजिशियन आहे. आजूबाजूच्या तीन ग्रामीण रुग्णालयांतले शंकेचे ईसीजी रात्री-अपरात्री माझ्या फोनवर येतात आणि मी फोनवरूनच सल्ला देतो. या प्रकरणातही मी तसाच सामील होतो, आणि यातल्या काही चुका माझ्या आहेत. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

या रुग्णालयात ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणाऱ्या प्रथिनाची) कार्ड टेस्ट यायला लागली तेव्हा सगळ्यांनाच हायसं वाटलं होतं. त्याआधी छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचा ईसीजी धड नसला की एकच मार्ग होता: रेफर करा. कार्ड आल्यावर बोटभर लांबीच्या पट्टीवर, पंधरा मिनिटांत, रक्ताच्या तीन थेंबांत उत्तर मिळायला लागलं. गर्भधारणेची पट्टी सगळ्यांच्या ओळखीची, त्यामुळे हे वापरायलाही कुणाला शिकवावं लागलं नाही. नेमकं तिथेच पाणी मुरत होतं. वापरायचं कसं ते सगळ्यांना माहीत होतं, ते कधी काय सांगू शकत नाही हे कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या रात्री काय घडलं

एप्रिलचा महिना. ५४ वर्षांच्या एक बाई, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही, गोळ्या चालू. शेजारच्या हळदीच्या कार्यक्रमातून घरी येताना साडेसातच्या सुमाराला दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठीत दुखायला लागलं. मग जबड्यात. छातीत दुखत नव्हतं, ‘भरून आल्यासारखं’ होत होतं. एक उलटी झाली, पदर भिजेल एवढा घाम आला. मुलाने मोटरसायकलवर मध्ये बसवून, मागे भावाला धरायला लावून आणलं. रुग्णालयात पोचले ८:२० ला.

ड्युटीवर बंधपत्रित डॉक्टर होते, एमबीबीएस होऊन वर्षही झालेलं नाही. त्यांनी पाच मिनिटांत ईसीजी काढला, हे चांगलंच केलं. पट्टीवर एसटी भाग (प्रत्येक ठोक्याच्या आलेखातला एक तुकडा, हार्ट अटॅकमध्ये तो वर किंवा खाली सरकू शकतो) कुठेही उचललेला नव्हता. व्ही-२ आणि व्ही-३ या छातीवरच्या लीडमध्ये (लीड म्हणजे एकेका जागेवरून घेतलेली नोंद) तो अर्धा मिलिमीटर खाली होता. ‘विशेष काही नाही’ असा शेरा केस पेपरवर पडला.

८:३५ ला कार्ड लावलं. रात्री प्रयोगशाळेला कुलूप असतं, सेंट्रिफ्यूज आत. त्यामुळे सीरम (रक्तातल्या पेशी काढून उरणारा पातळ भाग) वेगळं न करता सरळ रक्ताचेच थेंब टाकले. ८:५० ला कार्डावर एकच रेघ होती, कंट्रोलची, म्हणजे ट्रोपोनिन असो वा नसो, येणारी. निगेटिव्ह.

तोवर पँटोप्रॅझोलचं इंजेक्शन आणि ॲसिडिटीचं पातळ औषध देऊन झालं होतं, आणि दुखणं थोडं कमीही झालं होतं. मुलगा म्हणाला, “साहेब, रिपोर्ट निगेटिव्ह आहे ना? मग आईला घरी नेतो. सकाळी परत आणतो.” डॉक्टरांनी पेन हातात घेतलं होतं. तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, “सर, मावशींचं दुखणं साडेसातचं. पावणेनऊचं कार्ड त्याबद्दल काय सांगणार?”

सिस्टरांची वीस वर्षांची नोकरी झालेली. त्या एका वाक्यावर हे प्रकरण फिरलं.

कार्डाच्या आत

सिस्टरांचा प्रश्न किती अचूक होता हे कळायला कार्डाच्या आत डोकावावं लागेल.

कार्डाच्या एका टोकाला, जिथे आपण थेंब टाकतो तिथे, सोन्याचे अतिसूक्ष्म कण वाळवून ठेवलेले असतात. एकेक कण साधारण ४० नॅनोमीटरचा. डोक्यावरचा केस त्याच्या दोन हजार पट जाड. एवढं बारीक झालं की सोनं पिवळं राहत नाही. त्याच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन हिरवा प्रकाश शोषतात आणि द्रावण माणकासारखं लाल दिसतं. मायकेल फॅरेडेने १८५७ मध्ये याच लाल सोन्याचा अभ्यास केला होता. कार्डावरची गुलाबी रेघ म्हणजे रंग नाही, ते सोनं आहे. हे मी वॉर्डात सांगतो तेव्हा सिस्टर कार्ड उजेडात धरून पुन्हा एकदा बघतात.

या कणांवर ट्रोपोनिन ओळखणारी प्रतिपिंडं बसवलेली असतात. रक्त पट्टीत झिरपत पुढे सरकतं, ट्रोपोनिन असेल तर ते कणांना चिकटतं, आणि पुढे चाचणीच्या रेघेवर बसवलेली दुसरी प्रतिपिंडं त्याला अडवतात. ट्रोपोनिन दोन्हीकडून पकडलं गेलं की सोन्याचे कण तिथे गोळा होतात. डोळ्यांना गुलाबी दिसण्याइतके कण जमले तर रेघ, नाहीतर कोरी जागा.

म्हणजे हे खरोखरीचं नॅनोकणांवर चालणारं जैवसंवेदक आहे आणि गावोगाव वापरात आहे. पण त्याचा मोजणारा भाग म्हणजे माणसाचा डोळा. आमच्या कार्डाची मर्यादा लिटरला ५०० नॅनोग्रॅम. मोठ्या रुग्णालयांतल्या उच्च संवेदनशील चाचण्यांपैकी एका प्रचलित चाचणीत ट्रोपोनिन-आयची वरची मर्यादा स्त्रियांसाठी १६ आणि पुरुषांसाठी ३४ नॅनोग्रॅम धरतात. १६ आणि ५०० यांच्या मधल्या पट्ट्यात जे काही घडतं ते आमच्या कार्डाला दिसतच नाही, आणि हार्ट अटॅकचे पहिले काही तास बहुतेकदा याच पट्ट्यात जातात. रक्तवाहिनी बंद झाल्यावर स्नायूच्या पेशी मरायला, त्यातलं ट्रोपोनिन रक्तात यायला वेळ लागतो. साध्या चाचण्यांत ते तीन ते सहा तासांनी दिसायला लागतं.

अडचण नेमकी कोणती होती

ईसीजी ठोस नव्हता, कार्ड निगेटिव्ह होतं, लक्षणं पुस्तकातल्यासारखी नव्हती. स्त्री, मधुमेह, पाठीत आणि जबड्यात दुखणं, घाम, उलटी. ज्याने असे चार-पाच रुग्ण पाहिलेत त्याला एवढं ऐकूनच धडकी भरते, पण नवीन डॉक्टरला यात ॲसिडिटीही दिसू शकते. त्यात इंजेक्शनने बरं वाटलं. ॲसिडिटीच्या औषधाने बरं वाटलं म्हणजे दुखणं हृदयाचं नाही, असं मानायला काहीच आधार नाही, आणि ही समजूत अजूनही आपल्याकडे घट्ट आहे.

मला त्याहून मोठी अडचण वाटते ती अशी की कार्ड निगेटिव्ह येताच सगळ्यांनी ईसीजीकडे बघणं थांबवलं. कार्ड नसतं तर दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा ईसीजी नक्की निघाला असता.

समोरचे पर्याय

९:१० ला डॉक्टरांनी मला फोन केला. ईसीजीचा फोटो पाठवला. फोटो तिरका होता, छातीच्या लीडची बाजू अर्धी सावलीत. तेव्हा आमच्यासमोर चार वाटा होत्या.

घरी पाठवणं. मुलाला तेच हवं होतं. मी हार्ट स्कोअर मोजायला सांगितला. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये मांडलेला हा गुणांक वही-पेनावर निघतो: लक्षणं, ईसीजी, वय, जोखमीच्या गोष्टी आणि ट्रोपोनिन, प्रत्येकाला शून्य ते दोन. लक्षणांचा एक, ईसीजीतल्या किरकोळ बदलाचा एक, वयाचा एक, मधुमेह-रक्तदाबाचा मिळून एक, ट्रोपोनिनचा शून्य. बेरीज चार. तीनपर्यंत असेल तर जोखीम कमी समजतात. इथे कार्डाला पूर्ण मान देऊनही घरी पाठवता येत नव्हतं.

ताबडतोब रेफर करणं. मनात हे होतं. पण १०८ ची गाडी त्या वेळी एका बाळंतिणीला घेऊन गेलेली, परत यायला दीड तास. खासगी जीप करून, रस्त्यात डॉक्टर नसताना, नक्की काय झालंय हे माहीत नसताना पाठवायचं का, हा प्रश्न होता.

रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध देणं. टेनेक्टेप्लेज कपाटात होतं. पण ईसीजीत एसटी उचललेला नसताना हे औषध देत नाहीत, कारण फायदा नाही आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका मात्र उरतो. त्यामुळे ही वाट बंद आहे असं आम्ही धरलं. ती खरंच बंद होती का, याकडे पुढे येतोच.

ठेवून घेऊन पुन्हा तपासणं. मी हे निवडलं. “साडेअकरापर्यंत ठेवा, दुसरं कार्ड लावा, मॉनिटरवर ठेवा,” एवढं सांगून फोन ठेवला. ‘दर अर्ध्या तासाने ईसीजी काढा’ हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. ॲस्पिरिन आत्ताच चावायला द्या, हेही मी बोललो नाही. ते त्यांनी दिलं असेल असं मी गृहीत धरलं.

काय केलं

मुलाला समजावणं सिस्टरांनी केलं. “आईला इथेच झोपू दे. पहिली तपासणी लवकर केलीय, रक्तात यायला वेळ लागतो. साडेअकराला परत बघू.” तो तयार झाला. मला वाटतं डॉक्टरांनी सांगितलं असतं तर त्याने वाद घातला असता. सिस्टर त्याच्याच गावच्या.

११:३० ला दुसरं कार्ड लावलं. पंधरा मिनिटांनी चाचणीच्या जागी काही आहे की नाही यावर दोघांचं एकमत होईना. ट्यूबलाइटखाली डॉक्टरांना पट्टी कोरी दिसत होती. सीरम न वापरता रक्तच टाकल्यामुळे पट्टीची पार्श्वभूमी लालसर झालेली, त्यात फिकट रेघ हरवते. सिस्टरांनी कार्ड उचलून मोबाइलच्या टॉर्चखाली आडवं धरलं. एक धागा दिसला, अगदी हलका गुलाबी, पण टोकापासून टोकापर्यंत. रेघ फिकट असली तरी ती रेघच असते.

११:५० ला मला पुन्हा फोन आला. तेव्हा विचारलं तर कळलं, ॲस्पिरिन दिलेलं नाही. लगेच ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावायला, ३०० क्लोपिडोग्रेल, ८० ॲटोरव्हास्टॅटिन, हेपॅरिन. शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञांशी मी स्वतः बोललो. १२:४० ला १०८ निघाली, २:२० ला पोचली.

परिणाम

तिथे पोचताच त्यांनी एक गोष्ट केली जी आम्ही केली नव्हती. छातीवरच्या शेवटच्या तीन वायरी काढून पाठीवर लावल्या: एक काखेच्या मागच्या रेषेत, दुसरी खांद्याच्या फऱ्याच्या टोकाखाली, तिसरी मणक्याच्या कडेला. व्ही-७, व्ही-८, व्ही-९. तिन्हींत एसटी एक मिलिमीटर वर. या लीडमध्ये अर्धा मिलिमीटरही पुरतो. हृदयाच्या पाठीमागच्या भिंतीचा अटॅक होता, म्हणून पुढच्या लीडमध्ये तो उलटा, एसटी खाली गेल्यासारखा दिसत होता. व्ही-२, व्ही-३ मधला तो ‘विशेष काही नाही’ असलेला अर्धा मिलिमीटर.

उच्च संवेदनशील चाचणीत ट्रोपोनिन लिटरला १,८४० नॅनोग्रॅम आलं. अँजिओग्राफीत सर्कमफ्लेक्स ही डावीकडून मागे वळणारी रक्तवाहिनी पूर्ण बंद. चारच्या सुमारास ती स्टेंट टाकून उघडली. दुखणं सुरू झाल्यापासून साडेआठ तास. हृदयाची पंप करण्याची क्षमता ४५ टक्क्यांवर आली. पाचव्या दिवशी त्या घरी गेल्या.

महिन्याने माझ्या ओपीडीत आल्या. जिना चढताना दम लागतो म्हणाल्या. मी त्यांना आणि मुलाला त्या रात्रीचा सगळा क्रम सांगितला, माझ्याकडून काय राहिलं तेही. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे साडेआठला कळू शकलं असतं.” मी हो म्हटलं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी पाठीच्या लीड. व्ही-१ ते व्ही-३ मध्ये एसटी खाली असेल तर तीन वायरी पाठीवर लावायला दोन-तीन मिनिटं लागतात, पैसे काहीच लागत नाहीत. ८:३० ला त्या लावल्या असत्या आणि तेव्हाच एसटी वर दिसला असता, तर टेनेक्टेप्लेजची जी वाट आम्ही बंद धरली ती उघडी होती. कपाटातलं औषध नऊच्या आत देता आलं असतं. माझ्या मनाला सगळ्यात जास्त हेच लागलंय. फोटो तिरका होता हे खरं, पण सरळ फोटो मागवायला मला कुणी अडवलं नव्हतं.

दुसरं, ॲस्पिरिन. हृदयाचं दुखणं असल्याची रास्त शंका असेल आणि ॲस्पिरिन न देण्याचं कारण नसेल, तर त्याने कार्डाची वाट बघायची नसते.

तिसरी गोष्ट कार्डांच्या खोक्याची. नंतर चौकशी केली तेव्हा खोकं स्टीलच्या कपाटावर, छताच्या पत्र्याखाली सापडलं. खोक्यावर ३० अंशांच्या खाली ठेवा असं छापलेलं. दुपारी तिथे थर्मामीटर ठेवला तर ३९. उष्णतेने प्रतिपिंडं बिघडतात. कंट्रोलची रेघ आली म्हणजे कार्ड चांगलं, असं आम्ही सगळे मानत होतो. ती रेघ एवढंच सांगते की रक्त पट्टीत पुढे सरकलं आणि कण तिथवर पोचले. चाचणीच्या रेघेवरची प्रतिपिंडं अजून ५०० ला पकडतात की त्यांना आता ८०० लागतात, हे ती सांगत नाही. दुसऱ्या कार्डावरचा तो धागा गुलाबी का होता आणि ठळक का नव्हता, यात उन्हाचा वाटा किती हे आता शोधता येणार नाही. खोकं मात्र त्याच दिवशी औषधांच्या थंड खोलीत गेलं.

नवं यंत्र घेताना

या प्रकरणानंतर रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत ‘याहून चांगलं काही मिळतं का’ असा विषय निघाला. एका संशोधक गटाने त्यांची ग्राफीनवर (कार्बनच्या एका अणूएवढ्या पातळ थरावर) सोन्याचे कण बसवलेली चिप आमच्याकडे वापरून बघा असं सुचवलं होतं. ट्रोपोनिन चिकटलं की चिपचा विद्युतप्रवाह बदलतो, डोळ्यांचा संबंधच नाही, उत्तर काही मिनिटांत. त्यांच्या आलेखात मर्यादा आमच्या कार्डाच्या हजारो पट खाली होती. मला ते काम मनापासून आवडलं.

मी एकच विचारलं: हे आकडे रक्तातले की बफरमधले, म्हणजे प्रयोगशाळेतल्या स्वच्छ द्रावणातले? त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, पातळ केलेल्या सीरममधले.

अडचण इथे आहे. क्षार असलेल्या द्रावणात विद्युतभाराचा प्रभाव लांबवर पोचत नाही. रक्तात जेवढे क्षार असतात तेवढ्यात तो एका नॅनोमीटरच्या आतच विरतो. प्रतिपिंड स्वतः दहा नॅनोमीटरच्या आसपास. ट्रोपोनिन त्याच्या टोकाला येऊन बसलं तरी खालच्या ग्राफीनला चाहूल लागत नाही. म्हणून क्षार कमी करायला नमुना पातळ करतात. पण शंभरपट पातळ केला की १६ नॅनोग्रॅमचे ०.१६ होतात. शिवाय रक्तात ट्रोपोनिन एकटं नसतं. लिटरभर रक्तद्रवात अल्ब्युमिन हे प्रथिन सुमारे ४० ग्रॅम. १६ नॅनोग्रॅम ट्रोपोनिनच्या तुलनेत वजनाने अडीचशे कोटी पट. ते चिपवर कुठेही चिकटतं आणि खोटा इशारा देतं. पृष्ठभागावर लेप देणं, प्रतिपिंडांऐवजी डीएनए-आरएनएचे आखूड तुकडे, म्हणजे अ‍ॅप्टॅमर वापरणं, चुंबकीय कणांनी ट्रोपोनिन आधी वेचून घेणं, असे बरेच उपाय जगभर चालू आहेत, आणि त्यातला एखादा नक्की लागू पडेल असं मला वाटतं. पवईच्या आयआयटीत प्रा. रामगोपाल राव यांच्या गटाने पॉलिमरच्या सूक्ष्म पट्ट्यांवर प्रतिपिंडं बसवून हृदयविकार ओळखण्याचा ‘आयसेन्स’ प्रकल्प केला होता. त्याच प्रकारच्या पट्ट्या पुढे स्फोटकांचा माग काढणाऱ्या उपकरणात आल्या. हवेत अल्ब्युमिन नसतं.

चिपवर उपचार ठरवायचा नाही, हे आम्ही ठरवलं. वैद्यकीय उपकरणांच्या २०१७ च्या नियमांनुसार तिला अजून मान्यता नव्हती, आणि ग्रामीण रुग्णालयात नैतिकता समितीही नसते. त्या गटाला जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडून दिलं. तिथे रुग्णांच्या संमतीने, उरलेल्या रक्तावर, नेहमीच्या चाचणीच्या शेजारी ठेवून ती तपासता येईल.

समितीच्या पैशातून शेवटी चमकणाऱ्या कणांच्या पट्ट्या वाचणारं एक छोटं टेबलावरचं यंत्र घेतलं. सोन्याऐवजी प्रकाश सोडणारे कण, आणि डोळ्यांऐवजी यंत्र आकडा देतं. ते उच्च संवेदनशील नाही, हे मी खरेदीच्या टिपणीत ठळक लिहिलं. त्याचा खरा उपयोग असा की आकडा दोनदा घेता येतो आणि तो वाढतोय का हे दिसतं. २०१८ च्या जागतिक व्याख्येतही हार्ट अटॅक ठरवायला मर्यादेच्या वर गेलेला आकडा वाढतोय किंवा उतरतोय हेच बघतात. फिकट रेघेवरून रात्री बाराला होणारा वाद संपला.

दिवाळीत त्या यंत्राच्या पट्ट्या संपल्या आणि तीन आठवडे पुन्हा जुनी कार्डं वापरावी लागली. त्या काळातली कार्डं सिस्टरांनी केस पेपरला डकवून ठेवली आहेत. प्रत्येकावर स्केचपेनने दोन वेळा लिहिलेल्या: दुखणं कधी सुरू झालं आणि रक्त कधी टाकलं. ईसीजी यंत्राच्या झाकणावर पाठीचं एक चित्र चिकटवलंय, तीन ठिपके काढलेलं.